भिंतीसमोर पाहून

आमच्या ह्यांना कुणी भित्रा म्हटलेलं मला खपत नाही. मी म्हणते ते वेगळं, मी पंचवीस वर्षं संसार केलाय, मला तेवढा हक्क आहे. पण छापखान्यातलं कुणी म्हटलं तर मी त्याची खरडपट्टी काढते, मग तो मशीनवाला असो नाहीतर खुद्द मालक. ह्यांची भीती काय होती आणि ती कुणी कुणी पोसली, हे मला जेवढं ठाऊक आहे तेवढं दुसऱ्या कुणालाच नाही.

हे छापखान्यात रंग जुळवायचे. आमचा छापखाना पावतीपुस्तकं आणि जाहिराती छापणाऱ्यांतला नव्हे. आमच्याकडे जुन्या चर्चमधल्या भिंतींवरच्या चित्रांच्या रंगीत प्रती निघतात. पाचशे वर्षांपूर्वीची चित्रं. तेव्हाचे चितारी ओला गिलावा थापायचे आणि तो सुकायच्या आत त्यावर रंगवायचे, म्हणजे रंग भिंतीच्या अंगातच मुरायचा. देवदूत, संत, मेरीमाता, तान्हा येशू, सगळे भिंतीत राहायला आल्यासारखे. त्यांचे फोटो काढायला वेगळा माणूस येतो, पण फोटोवर ह्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ‘‘फोटो चेहरा देतो, रंग देत नाही,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्न ठरलं तेव्हा माझा फोटो बघूनही हेच म्हणाले होते म्हणे. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

तर हे काय करायचे, परांचीवर चढून भिंतीला नाक लागेल इतक्या जवळ बसायचे आणि रंगाच्या डबीतून कागदाच्या बोटभर चिठ्ठ्या रंगवायचे. झग्याच्या निळ्याची एक, घडीतल्या निळ्याची दुसरी, गालाची तिसरी. चिठ्ठी भिंतीला लावायची. तिची कडा दिसली तर रंग चुकला. कडा नाहीशी झाली, कागद कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळेनासं झालं, की रंग जुळला. त्या चिठ्ठ्या बघून मशीनवाला शाई घोटायचा. चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर हे शेवटी दोन शब्द लिहायचे, ‘भिंतीसमोर पाहून’, आणि खाली सही. तेच दोन शब्द आणि ती सही प्रत्येक चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत छापली जायची. मालक गिऱ्हाइकाला आधी ते दाखवायचा, मग चित्र. मी तिथेच पॅकिंगला. चित्रावर बटर पेपर ठेवायचा, गुंडाळायचं, नळीत घालायचं. ह्यांची सही दिवसातून दोनशे वेळा माझ्या हाताखालून जायची आणि दर वेळी मला बरं वाटायचं, उगाच कशाला खोटं बोला.

मग ती फळी सरकली. पाच वर्षं झाली त्याला. काय झालं म्हणाल, तर काहीच झालं नाही, तीच तर पंचाईत. परांचीच्या तिसऱ्या मजल्यावरची एक फळी ह्यांच्या पायाखाली चार बोटं सरकली. हे पडले नाहीत, खरचटलंसुद्धा नाही. काम पुरं करून खाली आले, घरी येऊन जेवले, मला गंमत म्हणून सांगितलंही. पुढच्या वेळी मात्र शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून पाय वर उचलेना. गुडघा धरलाय असं किल्लीवाल्या काकांना सांगून परत आले. हे किल्लीवाले काका म्हणजे चर्चची देखभाल करणारे. दार उघडायचं, आम्हाला आत घ्यायचं, बाहेरून दार ओढून घ्यायचं आणि पायरीवर उन्हात पेपर वाचत बसायचं, एवढंच त्यांचं काम.

मला आधी काही कळलं नाही. स्वयंपाकघरातला बल्ब गेला, तो बदलायला आठ दिवस लागले. स्टूल आणून ठेवलं की ह्यांना नेमकं दुसरं काम आठवायचं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘लहानपणी पाण्याच्या टाकीवर चढून बसायचा हा. उतरवायला चार माणसं लागायची. आता स्टुलाला घाबरतो होय रे?’’ आम्ही दोघी पोट धरून हसलो. हेही हसले. शेवटी बल्ब मीच बदलला आणि दोन दिवस टोमणे मारले.

मग एका दुपारी मी कामावरून लवकर आले तर हे जिन्यात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये हे पायरीवर बसलेले, मांडीवर डबा, दोन्ही हातांनी कठडा धरलेला, आणि शर्ट घामाने चिंब.

‘‘अहो, काय होतंय? छातीत दुखतंय का?’’

‘‘नाही गं. वर जाता येईना.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘खाली नजर गेली. आता वरही जाता येईना आणि खालीही.’’

मी डबा घेतला, त्यांच्या शेजारी बसले, आणि तिथे जिन्यात त्यांनी सगळं सांगितलं. ते किती घाबरले होते ते सांगताना त्यांचे दात वाजत होते. पडण्याची भीती होतीच, पण तिच्या वरची भीती दुसरी होती. ‘‘मालकाला कळलं की मी चढू शकत नाही, तर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस आणेल तो. सही त्याची. मग मी काय करू? मला दुसरं येतं काय?’’ बावन्न वर्षांचा माणूस, आणि लहान मुलासारखं माझ्याकडे बघून विचारत होता, मला दुसरं येतं काय.

तेव्हा मी ते बोलले. बोलायला नको होतं, पण माझी जीभ आधी धावते आणि मी मागून. मी म्हटलं, ‘‘मी जाते वर.’’

मला उंचीचं काही वाटत नाही, माहेरी कौलं परतायला मीच चढायची. ह्यांनी वीस वर्षांच्या जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या, सहा-सातशे तरी असतील. त्यांवर नंबर घातले, खोक्यात ओळीने लावल्या. ‘‘तू फक्त लावून बघायचं. कडा नाहीशी झाली की नंबर ओरडायचा.’’ मालकाला सांगितलं, गुडघा दुखतो, सामान धरायला हिला नेतो. मालक म्हणाला, न्या.

अशी आम्ही तीन कामं केली. काका दार ओढून बाहेर गेले की मी पदर खोचून चढायची. हे खाली शिडी दोन्ही हातांनी धरून, कपाळ पायरीला टेकवून, डोळे गच्च मिटून उभे. वर बघितलं तरी त्यांना गरगरायचं. ‘‘अगं, धरून!’’ ‘‘अहो, मी धरूनच आहे, तुम्ही श्वास घ्या.’’ मी नंबर ओरडायची, हे डोळे किलकिले करून डायरीत लिहायचे. दाराशी जरा खुट्ट झालं की मी चिठ्ठ्या पदराखाली घ्यायची. काका आत आले तर? मालक सहज म्हणून आला तर? घरी येईपर्यंत आम्ही दोघं चोरी करून आल्यासारखे खाली माना घालून चालायचो. आणि मग हे टेबलाशी बसून गठ्ठ्यावर ‘भिंतीसमोर पाहून’ लिहायचे. ‘भिंतीसमोर’ झटक्यात लिहून व्हायचं. ‘पाहून’ लिहायला वेळ लागायचा.

पण रंग जुळायचे बरं का. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही. मला ते आवडायलाही लागलं होतं, खोटं कशाला सांगू. संतांच्या दाढीतले केस मोजता येतील इतक्या जवळ बसायचं, आणि आपल्या हातातला कागद भिंतीत गुडुप झाला की काय आनंद व्हायचा! आपण ह्या माणसापेक्षा कमी नाही, असं मनात यायचं. ते मी त्यांना दोन-चारदा ऐकवलंही.

चौथं काम सगळ्यांत मोठं होतं. एका मोठ्या संग्रहालयाची मागणी, दोन हजार प्रती. चित्र भिंतीच्या अगदी वरच्या भागात, छताला लागून. देवदूत मेरीमातेला निरोप सांगायला आलाय, ती हातातलं पुस्तक मिटून मागे सरलीय, अंगावर पायघोळ निळा झगा. परांची चार मजली चढवली होती. त्या दिवशी बाहेर मळभ होतं, वरच्या खिडक्यांतून उजेड कसला तो येत नव्हता. वर चढले तर झाडलोट करणाऱ्यांनी कठड्याला एक मोठा दिवा टांगलेला. पूर्वी तो नव्हता. मी म्हटलं, बरं झालं, आणि खटका दाबला.

खालून ह्यांचा आवाज, ‘‘दिसतंय का नीट?’’

‘‘लख्ख दिसतंय!’’

झग्याला एकोणीस नंबर जुळला. अशी कडा गेली की मीच बोट फिरवून कागद शोधला.

पहिलं प्रूफ निघालं तेव्हा हे ते खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत बसले. ‘‘झगा हिरवट वाटतोय. मी दहा वर्षांपूर्वी बघितला होता तो निळा असा नव्हता.’’

‘‘दहा वर्षांत माणसं बदलतात, भिंत नाही बदलणार? मी परवा बघितलाय. कडा पार गेली होती.’’

‘‘तरी पण...’’

‘‘माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही का तुमचा?’’

मी वर चढत होते म्हणून तर त्यांची सही टिकून होती. त्यांनी सही केली. दोन हजार प्रती छापून झाल्या.

आणि मग संग्रहालयाचं पत्र आलं. त्यांच्याकडच्या एक बाई तपासणीला येणार. त्यांची पद्धत अशी, की छापलेला ताव भिंतीला लावून बघायचा, तिथेच, वर, आणि रंग जुळवणाऱ्याने शेजारी उभं राहायचं. बारा दिवसांनी. पत्र मालकाने ह्यांना कौतुकाने वाचून दाखवलं. हे घरी आले ते भिंत धरत धरत.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मी त्या आठवड्यात बघितलं. घास तोंडात घ्यायचे आणि तो तसाच घोळत राहायचा. बसल्या बसल्या एकदम खुर्चीचे हात धरायचे. मी आधी रागावले, मग समजूत काढली, मग परत रागावले, आणि शेवटी स्टूल मांडलं. ‘‘चढा.’’ पहिल्या दिवशी स्टुलावर एक पाय. दुसऱ्या दिवशी दोन्ही, माझा खांदा धरून. चौथ्या दिवशी हे जेवणाच्या टेबलावर उभे राहिले, डोक्याला छत लागतंय. सासूबाई आतून आल्या, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘काय शोधतोय हा तिथे?’’ मग जिना. कठडा धरून, मग एका हाताने, मग नुसतं बोट टेकवून. अजून घाबरायचे, ओठ पांढरे पडायचे, पण चढायचे. आणि दर वेळी स्वतःला एकच गोष्ट सांगायचे, मोठ्याने, मलाही ऐकू येईल अशी. ‘‘रंग तर बरोबर आहेत. नुसतं चढायचंय. एवढं एकदा चढलो की सुटलो.’’

सातव्या दिवशी, म्हणजे तपासणीला पाच दिवस राहिलेले, मी बटर पेपर आणायला मशीनपाशी गेले. मशीनवाला दुसऱ्या कुठल्या तरी कामाचा ताव टेबलावरच्या बल्बखाली धरून शाई बघत होता. ह्यांनी तो त्याच्या हातातून ओढूनच घेतला. ‘‘किती वेळा सांगायचं? बल्बखाली रंग बघायचा नाही! बल्बखाली निळा आणि हिरवा सख्खे भाऊ. उन्हात आण, मग बघ कसे हाडवैरी होतात.’’

मी तशीच उभी राहिले. मशीनवाला मला म्हणाला, ‘‘वहिनी, बरं नाही का?’’ मी म्हटलं, ऊन लागलं.

दिव्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कधी, आधीच्या तिन्ही कामांना दिवा नव्हताच. दुपारी मी खोक्यातून एकोणीस नंबर काढला आणि त्याच्या पुढचे दोन-तीन निळे. संडासातल्या बल्बखाली धरले, सगळे एकाच आईची लेकरं. खिडकीशी नेले, तर एकोणीस चक्क शेवाळी. दोन हजार प्रती. दोन हजार वेळा त्यांची सही, आणि झगा खोटा.

अजून पाच दिवस होते. त्याच दिवशी सांगितलं असतं तर हे मालकाकडे गेले असते, माझं लक्ष चुकलं म्हणाले असते, झग्याचा रंग परत छापून घेतला असता. बोलणी खाल्ली असती, पण सही राहिली असती. हे सगळं मला त्याच दुपारी कळत होतं. नंतर सुचलेलं शहाणपण नाही हे.

घरी जाऊन सांगायचं असं पक्कं ठरवून मी जिना चढत होते, तर हे मागून आले आणि कठड्याला हात न लावता, तिन्ही मजले, माझ्या पुढून वर गेले. वर उभे राहून म्हणाले, ‘‘बघितलंस?’’ असा चेहरा मी चार वर्षांत पाहिला नव्हता. मी गिळून टाकलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं आज सांगू, तर सासूबाई होत्या समोर. तिसऱ्या दिवशी वाटलं, आता सांगितलं तर हा माणूस कोलमडेल, चढणारच नाही. असं मी स्वतःला सांगत होते. पण खरं कारण एवढंच नव्हतं. ‘माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही का’ असं मी तोंड वर करून विचारलं होतं, आणि ते शब्द परत घ्यायची मला लाज वाटत होती. बास. पाच दिवस मी मळभाची वाट बघितली. बाईंना चष्मा असेल, त्या वर चढायला कंटाळतील, दिवा चालूच राहील. काय काय मनात आणत होते, आणि रोज सकाळी उठले की आकाश निळंभोर.

तपासणीच्या दिवशीही ऊनच होतं. बाई चाळिशीच्या, चटपटीत, पँट घालून आलेल्या. भराभर चढून वर गेल्यासुद्धा. मालक खाली थांबला. त्यांच्यामागे हे, आणि ह्यांच्यामागे मी, पाठीला तावांची नळी बांधून.

ते चढणं मी जन्मात विसरणार नाही. एकेक पायरी. माझ्या डोळ्यांसमोर फक्त ह्यांच्या टाचा. टाच उचलायची, हवेत थांबायची, थरथरायची, मग पुढच्या पायरीवर टेकायची. दुसऱ्या मजल्यावर ते थांबले. लोखंडाचा नळ हातात इतका घट्ट धरला होता की सगळी परांची बारीक कापत होती. मी माझा तळवा त्यांच्या टाचेवर ठेवला.

‘‘आहे का गं तू?’’

‘‘आहे.’’

‘‘रंग बरोबर आहेत ना?’’

जीव मुठीत धरून शिडीवर उभा असलेला माणूस मला हे विचारत होता. अजूनही सांगता आलं असतं. उतरा म्हणता आलं असतं. मी म्हटलं, ‘‘आहेत. चढा.’’

ते चढले. चौथ्या मजल्यावर गुडघ्यांवर सरकत फळीच्या मधोमध गेले आणि तिथेच बसले. उभं राहवेना. बाईंना वाटलं, भिंत बघायला बसलेत. आणि खरंच, मान वर केली आणि हे भिंत बघायला लागले. दहा वर्षांनी तिला इतक्या जवळून बघत होते. त्यांचा श्वास हळूहळू खाली आला. मला खुणेने जवळ बोलावलं. ‘‘ही सांध दिसते? इथे त्या चिताऱ्याचा एक दिवस संपला. गिलावा सुकत आला म्हणून हात आखडता घेतला. देवदूताचा पंख दुसऱ्या दिवसाचा आहे.’’ बाईंनीही वाकून बघितलं. हे त्यांना दाखवत होते, बोलत होते, कुंचल्याचा एक केस गिलाव्यात अडकून राहिला होता तोही दाखवला. पस्तीस फुटांवर बसलेत हे त्यांच्या गावीही नव्हतं. मीही त्याच जागी बसले होते, पण ह्यातलं एकही मला दिसलं नव्हतं.

काकांनी आज मुद्दाम दिवा लावून ठेवला होता. मी ताव उलगडला, बाईंनी तो झग्याशी धरला. जुळला. कडा दिसेना. बाई हसल्या, ‘‘सुरेख.’’ मी डोळे मिटले. देवा, सुटलो.

‘‘थांबा बाई,’’ हे म्हणाले. ‘‘दिव्याखाली बघायचं नसतं. उन्हात बघा. दिवा बंद करू या.’’

मी म्हटलं, ‘‘अहो, राहू दे ना. अंधार होईल.’’

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. ‘‘अंधार कसला, एवढं ऊन आहे.’’ आणि चार वर्षं स्टुलालाही घाबरलेला तो माणूस कठडा धरून उभा राहिला, हात लांब केला आणि खटका दाबला.

भिंतीवरचा झगा निळा झाला, आणि बाईंच्या हातातला शेवाळी. मधली कडा सुरीने कापल्यासारखी.

खाली मालक काकांशी काहीतरी बोलत होता, ते स्पष्ट ऐकू येत होतं. ह्यांनी तावाकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं. मग दिव्याच्या खटक्याकडे. मग माझ्याकडे. मी खाली वाकून नळी उचलली.

बाई हळूच म्हणाल्या, ‘‘हे तुम्ही इथे, भिंतीसमोर जुळवलंत?’’

‘‘हो,’’ हे म्हणाले. ‘‘मीच. त्या दिवशी मळभ होतं. दिवा लावला मी.’’

‘‘इतकी वर्षं हेच काम करताय तुम्ही. हे तर नव्या माणसालाही माहीत असतं.’’

‘‘असतं,’’ हे म्हणाले. ‘‘चूक माझी आहे.’’

उतरताना मी खाली होते. प्रत्येक पाऊल मी हातात धरून पुढच्या पायरीवर ठेवलं. बराच वेळ लागला. बाई वर थांबून राहिल्या, एकदाही घाई केली नाही.

दोन हजार ताव रद्दीत गेले. मालकाने आरडाओरडा केला असता तर बरं, पण तो नुसता म्हणाला, ‘‘तुम्ही सुद्धा?’’ दुसरा माणूस आला. तरुण आहे, भराभर चढतो, रंग बरे जुळवतो. सही त्याची असते. ह्यांना पॅकिंगला दिलं, माझ्या शेजारच्या टेबलावर. मी चित्र ठेवते, हे बटर पेपर घालतात. मशीनवाला जाता येता काहीतरी पुटपुटतो, त्याला मी एकदा सगळ्यांसमोर झापलं.

मी दिव्यापाशी ‘राहू दे’ का म्हटलं, हे ह्यांनी मला कधीच विचारलं नाही. घरी आल्यावर त्या दिवशी उलट तेच माझी समजूत काढत होते. तुला कसं ठाऊक असणार, मीच कधी सांगितलं नव्हतं, त्यात तुझा काय दोष, असं परत परत. मी रडत होते आणि त्यांना वाटत होतं, त्यांच्या नोकरीसाठी रडतेय. आता वर्ष झालं. रोज मला वाटतं, आज ह्यांना आठवेल. मशीनपाशी ते ओरडले तेव्हा मी चार हात अंतरावर उभी होते, हे आठवेल आणि ते दिवस मोजतील. कागद घालता घालता त्यांचा हात जरा थांबला की मी त्यांच्या तोंडाकडे बघते.

परवा असाच थांबला. खिडकीतून ऊन आलं होतं, समोर कुठल्याशा संताचं चित्र होतं. ते त्याच्याकडे बघत म्हणाले, ‘‘तुला आधी कळलं असतं, तर तू सांगितलंच असतंस म्हणा.’’

मी पुढचं चित्र त्यांच्यासमोर सरकवलं आणि म्हटलं, ‘‘सांगितलं असतं की.’’